मऊ बर्फाची भीती

गेल्या आठवड्यात आमच्या बचत गटाची बैठक संपली आणि एक ताई मागे रेंगाळल्या. त्यांची लेक गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघाली आहे. "बर्फ मऊच असतो ना गं? पडली तरी लागायचं नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्यासाठीच आजचा विषय.

शिकवण्याची जागा हलक्या उताराची, नजरेखालची. तिथली फारशी काळजी नको. पण गुलमर्गचा रोपवे अफरवाट डोंगरावर जवळजवळ ४००० मीटरपर्यंत नेतो. तिथून राखलेली वाट सोडली की कोणी न तुडवलेला बर्फ! पाय शिवशिवणारच. याच डोंगरावर फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्फाचा कडा सुटून पोलंडचे दोन स्कीपटू गेले. २०१० मध्ये जवळच्या खिलनमर्गला प्रशिक्षण चालू असताना लष्कराचे १७ जवान गेले.

हे होतं कसं? तिरक्या पाटावर रवा पसरा, वर परात ठेवा आणि जरा दाबा. कडक थंडीत जुन्या बर्फाचे रव्यासारखे दाणे होतात, ते एकमेकांना धरत नाहीत. वर नवा बर्फ पडतो, वारा त्याची लादी करतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर माणसाचा भार पडला की लादी तुटून निघते. म्हणजे बहुतेक वेळा अडकलेल्यानेच, नाहीतर त्याच्या सोबत्यानेच ती सोडवलेली असते. मोठ्या हिमवर्षावानंतर लख्ख ऊन पडतं, तो दिवस सगळ्यात देखणा आणि तोच घातकी. पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज आला, भेगा पळाल्या, तर मागे फिरायचं.

वाहणारा बर्फ थांबला की असा आवळतो की हात हलत नाही. पहिल्या १०-१५ मिनिटांत काढलेले बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर थोडेच. खालून मदत येईपर्यंत ही वेळ टळलेली असते. सोबती हीच मदत. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र, चालू हवं. पाठीवर बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडं. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी बघत राहायचं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. "फावडं मी देईन घेऊन तिला," त्या म्हणाल्या.

म्हटलं, "ताई, तिच्या फावड्याने ती दुसऱ्याला काढेल. बाकीच्यांकडे आहे का, ते विचारा."

त्यांनी तिथेच लेकीला फोन लावला.