गप्प बसलेला सरडा



रेडिओ केंद्राकडून निरोप आला की पाळीव सरड्यांवर बोला. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरी आता सरडा पाळलेला असतो. नातवंडं व्हिडिओ कॉलवर खांद्यावरचा सरडा दाखवतात आणि इकडे आजी-आजोबा दचकतात. तर हा प्राणी माणसाळतो कसा, त्याला हातात घ्यायचं कसं, आणि तो काय म्हणतोय हे ओळखायचं कसं, एवढं सांगा, अशी मागणी आहे. मी प्राणिशास्त्र शिकवत आलो. सरडे पाळले नाहीत, पाहिले मात्र पुष्कळ. आणि या विषयात पाहण्याचंच काम जास्त आहे, हातात घेण्याचं थोडं.

परदेशात घरोघरी दिसतो तो बहुतेक बिअर्डेड ड्रॅगन. नाव ऐकून घाबरू नका. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, रखरखीत भागातला हा सरडा. शेपटीसकट दीड ते दोन फूट लांब, अंगाच्या कडेला मऊसर काट्यांची रांग आणि गळ्याखाली काटेरी दाढी. तुमच्या कुंपणावर मान हलवत बसतो ना, त्या सरड्याच्याच कुळातला हा. ऑस्ट्रेलिया आपले रानटी प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे अमेरिकेत, इंग्लंडमध्ये जे पाळलेले आहेत ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. तरीही त्याचं अंग, त्याचे डोळे, त्याची भीती अजून त्या रखरखीत मैदानातलीच आहे. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं.

आता तो बोलतो कसा? पहिली गोष्ट मान. नर झपाझप मान खालीवर करतो, तेव्हा तो म्हणतो, ही जागा माझी आहे. आपला सरडासुद्धा हेच करतो. लहानपणी आपण त्याच्याकडे बघून मान हलवायचो आणि तो आपल्याला चिडवतोय असं समजायचो. तो चिडवत नव्हता, दम देत होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं आपण हिणवून म्हणतो, पण कुंपण ही त्याची उंचावरची चौकी असते. तिथून तो साऱ्यांना दिसतो आणि त्याला सारे दिसतात.

दुसरी गोष्ट हात. म्हणजे पुढचा पाय. हा ऑस्ट्रेलियन सरडा कधी कधी एक पाय सावकाश उचलतो आणि हवेत गोल फिरवून खाली ठेवतो. घरातली मुलं ओरडतात, बघा, हा आपल्याला टाटा करतोय! तो टाटा नाही. पिल्लं आणि माद्या हे जास्त करतात, आणि मोठ्या सरड्यासमोर करतात. मी लहान आहे, मी भांडणार नाही, मला मारू नकोस, असा त्याचा अर्थ. तुमच्याकडे बघून तो रोज असं करत असेल तर तो तुम्हाला दांडगा समजतो. टाळ्या कशाला वाजवायच्या?

तिसरी गोष्ट दाढी. भीती वाटली, राग आला, किंवा समोर दुसरा नर आला, की दाढी फुगते आणि काळीकुट्ट होते. पाठीचा रंग वेगळ्या कारणानं बदलतो. सकाळी अंग गार असतं तेव्हा ऊन शोषायला पाठ गडद होते, तापल्यावर फिकट होते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ साली हे वेगवेगळं मोजून दाखवलं. पाठ ऊन सांभाळते, दाढी बोलते. म्हणून नुसता सरडा काळा पडला असं म्हणून चालत नाही. कुठे काळा पडला, ते पाहा.

चौथी गोष्ट तोंड. उन्हाखाली, म्हणजे पिंजऱ्यातल्या दिव्याखाली, तो आ वासून बसला असेल आणि अंग सैल असेल, तर त्याला उकडतंय, एवढंच. पण तोंड उघडं, दाढी काळी, अंग भाकरीसारखं चपटं पसरलेलं आणि तोंड तुमच्याकडे वळवलेलं, असं सगळं एकदम दिसलं तर हात मागे घ्या. एकच खूण कधी वाचू नका. हे मी वर्गात शंभरदा सांगायचो: एकच खूण वाचू नका. सरडा कुठे बसलाय, ऊन किती आहे, समोर कोण आहे, हे धरूनच खुणेचा अर्थ लागतो.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगतो. दाढी फुगवणारा सरडा समजायला सोपा. अवघड आहे तो गप्प बसलेला. हातात घेतला, हलला नाही, डोळे मिटून घेतले, की लोक म्हणतात, किती माणसाळलाय बघा, कुरवाळून घेतोय. श्रोतेहो, गप्प बसलेला सरडा म्हणजे माणसाळलेला सरडा नव्हे. रानात पळायला वाट उरली नाही की सरडा थिजतो. हललं की शिकाऱ्याला दिसतं, म्हणून हलायचं नाही. डोक्यावरून बोट फिरवताना दोन्ही डोळे घट्ट मिटतो, तेव्हाही बहुतेकदा सुख नसतं. हे संपू दे एकदा, असं असतं.

आणि दुसरा गप्प सरडा म्हणजे गारठलेला. या प्राण्याचं रक्त स्वतःहून तापत नाही. बसायच्या जागी चाळीस अंशांच्या आसपास ऊब मिळाली तरच तो नीट हलतो, खातो, पचवतो. एसी लावलेल्या खोलीत त्याला सोफ्यावर घेऊन बसलात तर तो हळूहळू मंद होतो. तो रमलेला नसतो, गार पडलेला असतो. पुन्हा सांगतो, गप्प म्हणजे माणसाळलेला नव्हे.

मग माणसाळलेला कोणता? जो तुमच्या हातावर असताना आपलं काम चालू ठेवतो. डोळे उघडे, मान वर, इकडेतिकडे बघतोय. मधूनच जिभेचं टोक तुमच्या बोटाला लावतो. सरड्याला वास आणि चव बरीचशी जिभेनं कळते, म्हणजे तो चौकशी करतोय. श्वास संथ आहे. पाय तुमच्या हातावर टेकलेत, नखं रुतवलेली नाहीत. आणि पिंजऱ्यात हात घातल्यावर कोपऱ्यात न पळता तो जिथे होता तिथेच राहतो, किंवा स्वतः पुढे येतो. यात लळा किती, हे राहू द्या. भीती गेलेली आहे, हे नक्की. भीती जाणं ही सरड्याच्या बाबतीत फार मोठी गोष्ट आहे.

ती घालवायची कशी? घाई न करता. नवा सरडा घरी आला की पहिला आठवडाभर त्याला हातच लावू नका. खाऊपिऊ द्या, ऊन घेऊ द्या, घराची सवय होऊ द्या. मग रोज थोडा वेळ पिंजऱ्यात हात नुसता ठेवा. हलवायचा नाही. हात आला आणि काहीच वाईट झालं नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा कळलं पाहिजे. मग बाजूनं, छातीच्या पातळीवरून बोट न्या. वरून कधीही नाही! सरड्याच्या टाळूवर मधोमध एक बारीकसा ठिपका असतो. तो उजेड आणि सावली ओळखणारा तिसरा डोळा आहे. त्यानं चित्र दिसत नाही, पण वरून सावली आली एवढं कळतं. आणि वरून येणारी सावली म्हणजे ससाणा, घार. तुम्ही प्रेमानं वरून हात नेता आणि त्याच्यासाठी घार उतरते.

उचलताना तळवा पोटाखालून सरकवा. चारही पायांना आधार हवा. शेपटीला धरायचं नाही, उताणं करायचं नाही. दोन-चार मिनिटं पुरे, आणि तो झटापट करायच्या आधीच खाली ठेवा. पोट भरल्या भरल्या उचलू नका, आणि कात टाकत असताना तर नाहीच. शिकण्याची बुद्धी त्याला आहे, ही शंका नको. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की हा सरडा दुसऱ्या सरड्याला दार सरकवताना पाहून तसंच दार उघडायला शिकतो. मग तुमचा हात कसा आहे, हे त्याला शिकता येणार नाही का?

आता मी थोडा साताऱ्याकडे वळतो. विषय पाळीव सरड्यांचा आहे, माहीत आहे. पण भीती कमी झाली की सरडा कसा वागतो, याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे. ठोसेघरचा धबधबा बघायला जाणाऱ्यांनी तिथल्या पवनचक्क्या पाहिल्या असतील. त्या पठारावर एक छोटा सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी झालर असते. एरवी मिटलेली, कुणाला पत्ताही लागत नाही. पावसाळ्याआधीच्या दिवसांत नर दगडावर चढतो, छाती वर काढतो आणि झालर उघडतो. निळा, काळा, नारिंगी! एवढ्याशा जिवाकडे एवढे रंग. ते बघायला उन्हात तासन्‌तास बसावं. हा सरडा ज्या गटातला, त्या गटाला शास्त्रज्ञांनी २०१६ साली स्वतंत्र स्थान दिलं आणि नाव ठेवलं सराडा, आपल्या मराठीतून घेऊन.

याच सरड्यावर झालेलं एक संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झालं. पठाराच्या काही भागांत पवनचक्क्या आहेत, काही भागांत नाहीत. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. पाती फिरतात तिथे ते फारसे येत नाहीत. मग खालच्या सरड्यांचं काय झालं? संख्या वाढली. आणि वागणं बदललं. माणूस चालत गेला तर हे सरडे त्याला पुष्कळ जवळ येऊ द्यायचे, मग पळायचे. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरकही कमी भरलं. त्यांना कुणी हात लावला नव्हता, खाऊ घातलं नव्हतं. वरून येणारी सावली गेली, तेवढ्यानं ते निवांत झाले. घरातला सरडा माणसाळतो तोही तसाच, सावलीची भीती जाऊन.

पण संशोधन इथे संपत नाही. ते निवांत सरडे रोडावलेले निघाले. गर्दी वाढली, खाणं वाटलं गेलं. नरांच्या झालरीचे रंगही फिके पडले. म्हणजे भीती गेली, पण सगळं भलं झालं असं नाही. म्हणून घरात सरडा असलेल्यांना सांगतो, तो हातावर शांत बसतो एवढ्यावर खूश होऊ नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करत जा. शेपटीचं बूड भरलेलं आहे का बघा.

या संशोधनातली मोजण्याची रीत फार साधी आहे, आणि विद्यार्थी असोत नसोत, मी ती सगळ्यांना सांगतो. सरडा दिसला की सारख्या चालीनं सरळ त्याच्याकडे जायचं. तो पळाला की थांबायचं आणि तुमच्यात आणि तो बसला होता त्या जागेत किती अंतर होतं ते मोजायचं. ते अंतर म्हणजे त्याची भीती. गावातल्या देवळाजवळचा सरडा किती जवळ येऊ देतो, माळावरचा किती, ज्या गल्लीत पोरं दगड मारतात तिथला किती? मोजून बघा. हातात न घेता सरड्याशी ओळख करण्याचा याहून चांगला मार्ग नाही. आणि पालकांनो, अंगणात सरडा दिसला की मुलाच्या हातात दगड का जातो? त्याच्या हातात वही द्या की! सरडा नजरेनं रक्त शोषतो वगैरे अजूनही सांगितलं जातं. तो मुंग्या, नाकतोडे, किडे खातो. कुणाचं रक्त पीत नाही.

समोरच्या काचेतून वेळ संपल्याची खूण होते आहे. बरंच राहिलं. भराभर सांगतो.

बिबट्या पाल म्हणून एक प्राणी परदेशात पाळतात. पालींमध्ये सहसा नसतात त्या पापण्या तिला असतात. ती शेपूट वर करून सावकाश वळवळवू लागली की हात मागे घ्या, ती घाबरलेली आहे. जोरात ओढाओढ झाली तर शेपूट टाकून देईल. नवी येते, पण पहिल्यासारखी नाही. घरातल्या पालीची तुटलेली शेपूट तुम्ही पाहिलीच आहे.

सरड्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवा. त्याच्या पोटातले साल्मोनेला जंतू माणसाला आजारी पाडतात, लहान मुलांना जास्त. आणि नेहमीचा चपळ सरडा उबेत असूनही दिवसभर डोळे मिटून पडला, खाईना, तर तो पशुवैद्याकडे न्यायचा. तेव्हाही लोक म्हणतात, आज किती शांत आहे. नाही, गप्प म्हणजे…पुढचं तुम्हाला आता पाठ झालं असेल.

शेवटचं. हे ऐकून कुणी माळावरचा सरडा डब्यात भरून घरी आणू नका. घोरपडीला तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. तिला पकडणं, पाळणं, तिचं तेल विकणं, सगळा गुन्हा आहे. तसं काही चाललेलं दिसलं तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा. परदेशी सरडा विकत घेणाऱ्यांनी त्याची कागदपत्रं आणि नोंदणी आधी तपासा, किंमत मागाहून विचारा.