यकृत निकामी होण्यापूर्वीचा खर्च

(विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तजन यांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वैद्यकीय कार्याचा आढावा आमच्या डॉक्टर मंडळींनी आपणांसमोर मांडलाच आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोगनिदान हा माझा प्रांत नव्हे. परंतु देयके माझ्या स्वाक्षरीने जातात आणि सवलतीचे अर्ज माझ्याच मेजावर येतात. त्या अर्जांतील एका आजाराविषयी, मुख्यत्वे हिशेबाच्या अंगाने, थोडे निवेदन करण्याची अनुज्ञा असावी. तो आजार म्हणजे कावीळ, आणि काही रुग्णांत तिच्यामागून येणारे यकृताचे निकामी होणे.

आपण कावीळ हा एकच शब्द वापरतो, परंतु तिच्यामागील विषाणू निरनिराळे आहेत. हिपॅटायटिस ए आणि ई हे दूषित पाण्यातून व अन्नातून येतात. बी आणि सी हे रक्तातून, सुईतून, आणि बी तर विशेषेकरून मातेकडून नवजात बालकाकडे. पाण्यातून येणाऱ्या काविळीचा आपल्या देशातील मोठा धडा १९५५-५६ सालचा, दिल्लीचा आहे. यमुनेच्या पात्रातील बदलामुळे सांडपाणी जलशुद्धीकरण केंद्राच्या उपशापर्यंत पोहोचले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यातील क्लोरीन वाढविल्यामुळे पटकी वा विषमज्वर पसरला नाही. विषाणू मात्र तरला. ती साथ त्या वेळी हिपॅटायटिस ए ची समजली गेली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून ती ई ची होती, हे कित्येक वर्षांनी उघड झाले. आपल्या भागातील मंडळींना २०१२ सालची इचलकरंजीची साथ आठवत असेल. दिल्लीच्या साथीला तोवर अर्धशतक उलटून गेले होते.

या प्रकारच्या काविळीतून बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. ही दिलासा देणारी गोष्ट आहे आणि घात करणारीही हीच. कारण आपोआप बऱ्या झालेल्या रुग्णाचे श्रेय कावीळ उतरविणाऱ्याच्या खाती जमा होते. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते, गळ्यातील माळ दिवसागणिक लांबते, आणि घरच्या मंडळींना रोग उतरत असल्याची खात्री पटते. कोणाच्याही श्रद्धेचा अधिक्षेप करण्याचा माझा हेतू नाही. परंतु हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या नात्याने एवढे म्हणेन, की जमेची बाजू माळेकडे आणि नावेची बाजू रुग्णालयाकडे, अशी ही वही आहे. ज्यांचे यकृत ढासळू लागते ते रुग्ण आठ-दहा दिवस गमावून आमच्याकडे येतात. (उसाचा रस काविळीवर उत्तम म्हणून गाड्यावरचा रस पाजला जातो, त्यातील बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विचारले जात नाही.)

म्हणून आप्तजनांनी पुढील लक्षणे ध्यानात ठेवावीत, ही विनंती. कावीळ झालेला माणूस दिवसा झोपू लागला आणि रात्री जागू लागला, बोलण्यात असंबद्धता आली, ओळखीची नावे चुकू लागली, हिरड्यांतून वा नाकातून रक्त आले, उलट्या थांबेनात, तर तो अशक्तपणा समजू नये. यकृत निकामी होत असल्याची ती खूण असू शकते, आणि अशा वेळी दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर कावीळ दिसताक्षणी रुग्णालय गाठावे. हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत झाल्यास चार-पाच जणींमागे एकीचा मृत्यू ओढवू शकतो. इंग्लंड-अमेरिकेत यकृत अकस्मात निकामी होण्याचे प्रमुख कारण पॅरासिटामॉलचा अतिरेक हे आहे. आपल्याकडे ते प्रामुख्याने विषाणू आहेत. म्हणजे जो मृत्यू तेथे औषधाच्या डबीतून येतो, तो येथे पिण्याच्या हंड्यातून येतो.

बी आणि सी यांची रीत निराळी. ते गाजावाजा करीत नाहीत. वीस-तीस वर्षे यकृतात मुक्काम करून ते सिऱ्होसिस वा कर्करोगाच्या रूपाने प्रकट होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना सी होता. बहुतेकांना त्याची वार्ताही नाही. २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे पुन:पुन्हा वापरलेल्या सिरिंजमधून बी ची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. सिरिंजची किंमत ती काय! सी चे चित्र मात्र आता आशादायक आहे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या सोफोसबुव्हिरच्या एका उपचारक्रमाची किंमत ८४ हजार डॉलर होती. आज भारतीय बनावटीची औषधे उपलब्ध आहेत, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ती विनामूल्य मिळतात. साधारणत: बारा आठवड्यांत बहुतांश रुग्ण पूर्ण बरे होतात.

बी पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. तो आटोक्यात ठेवता येतो. त्याला रोखण्याचा मार्ग लस हाच, आणि इथेच माझा मूळ विषय येतो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहांपैकी नऊ बालकांत हा विषाणू कायमचा राहतो; प्रौढपणी लागण झालेल्या शंभरांत जेमतेम पाच जणांत. म्हणून पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. ही लस शासनाकडून विनामूल्य मिळते. मग अडते कोठे? बालके कार्यालयीन वेळ पाहून जन्मत नाहीत. मध्यरात्री प्रसूती झाली, लसीच्या शीतकपाटाची किल्ली दिवसपाळीच्या परिचारिकेकडे. दुसऱ्या दिवशी रविवार. किंवा दहा मात्रांची कुपी एकाच बालकासाठी कशी फोडावी हा संकोच. वस्तुत: नियमांप्रमाणे, योग्य तापमानात ठेवलेली उघडलेली कुपी चार आठवड्यांपर्यंत वापरता येते. आणि माता बाधित असल्यास लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन, शक्यतो १२ तासांच्या आत, द्यावे लागते. त्याची किंमत काही हजार रुपये आहे. शासकीय कार्यक्रमात त्याची तरतूद आहे. परंतु रात्री दोन वाजता ते आपल्या शीतकपाटात असणे, ही जबाबदारी आपली. त्या वेळी बालकाच्या पित्याला बाजारात धाडणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच आहे.

आता निधीविषयी. कायद्यातील कलम ४१ अअ आणि उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार आपण १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखतो. अन्य रुग्णांच्या देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. यकृत निकामी झालेला एक रुग्ण अतिदक्षता विभागात तीन आठवडे राहिला, की या निधीला मोठी खिंड पडते. पुढचा उपाय प्रत्यारोपणाचा. त्याचा खर्च खाजगी रुग्णालयात वीस लाखांच्या घरात किंवा त्याहून अधिक, आणि तो आपल्या आवाक्याबाहेरचा. शिवाय हा निधी दाखल झालेल्या रुग्णाच्या देयकासाठी आहे. रोग होऊच नये म्हणून तो खर्च करता येत नाही.

देणगीदारांना यंत्र द्यावेसे वाटते, खोली बांधून द्यावीशी वाटते. त्यावर वडिलांचे वा मातोश्रींचे नाव कोरता येते, आणि त्यात गैर काहीच नाही. या वास्तूच्या भिंती अशाच उभ्या राहिल्या. न झालेल्या काविळीवर मात्र नामफलक लावता येत नाही. म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव असा आहे, की विशिष्ट प्रयोजन न लिहिलेल्या देणग्यांतून एक स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. त्यातून नोंदणी झालेल्या प्रत्येक गर्भवतीची हिपॅटायटिस बी चाचणी, इम्युनोग्लोब्युलिनचा कायम साठा, प्रसूती विभागातच लसीचे शीतकपाट व त्याला बॅटरीची जोड, आणि रात्रपाळीच्या परिचारिकांचे प्रशिक्षण, एवढाच खर्च व्हावा. जन्माची वेळ आणि मात्रेची वेळ एकाच नोंदवहीत शेजारी-शेजारी लिहिली जाईल. ती वही कोणाही देणगीदारास कार्यालयीन वेळेत पाहावयास मिळेल, आणि जेथे दोन वेळांतील अंतर २४ तासांहून अधिक असेल, तेथे त्याचे कारण लिहिलेले असेल.

प्रस्तावाचा मसुदा आपणांस दिलेल्या कागदपत्रांत आहे. त्यावरील प्रश्नांची उत्तरे देण्यास मी चहापानानंतर लेखा विभागात उपस्थित आहे.