शेजारच्या आजीसाठी आपण काय करावे?



भोर-वेल्ह्याकडील वृद्धांच्या छळाविषयी आम्हांला बोलायला सांगितले आहे. आम्ही बँकेतील कारकून, वकील नव्हे. पण काउंटरवर बसणाऱ्याला पुष्कळ दिसते. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार घ्यायला आजी येते. अंगठा तिचा आणि नोटा मोजून खिशात घालणारा मुलगा. योजनेचे नाव काय आणि चालते काय! आम्हीही कित्येक वर्षे मान खाली घालून पैसे देत राहिलो.

तक्रार घेऊन आजी कधीच येत नाही. येतो शेजारी, नाहीतर पुण्याला दिलेली लेक. "भाऊसाहेब, आईच्या हातावर वळ आहेत, ती म्हणते पडले." अशा माणसाचे आधी सगळे ऐकून घ्यावे. 'घरचा मामला' म्हणून त्याला परत पाठवू नये; तो आधीच भावकीला भ्यालेला असतो. मात्र त्याने तावातावाने मुलाला जाब विचारायला जाऊ नये. आपण निघून येतो, आजीला रात्र त्याच घरात काढायची असते. पावसाळ्यात डोंगरकडेच्या वाडीवर हाकेला ओ द्यायलाही कोणी नसते. दवाखान्याच्या निमित्ताने तिला एकटीला गाठावे आणि तिला काय हवे ते विचारावे. पुष्कळदा मुलाला शिक्षा नको असते. दोन वेळची भाकरी आणि स्वतःचे पासबुक हवे असते.

मारहाण असेल तर मात्र पोलीस ठाणेच गाठावे. सल्ल्यासाठी 14567 हा ज्येष्ठांचा दूरध्वनी आहे. 2007 च्या कायद्याने साठी ओलांडलेल्या आईवडिलांना निर्वाहासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्रांत कचेरी भोरलाच आहे, वकील लागत नाही. आजीला जमत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. म्हणजे हे काम आपल्यालाही करता येईल.

जमिनीचे वेगळे सांगतो. फार्महाऊसवाले आल्यापासून माळालाही भाव आला आणि म्हाताऱ्यांचे अंगठे घेण्याची घाई सुरू झाली. बक्षीसपत्र करायचेच असेल तर 'सांभाळ करीन' ही अट त्यात लिहून घ्यावी. ती मोडली तर कलम 23 खाली ते रद्द करून मागता येते. तोंडी वचनावर भांडणे फार अवघड जाते.

आता आम्ही मुलाला बाकावर बसायला सांगतो आणि पैसे आजीच्या हातात देतो. परवा एका आजींनी नोटा तीनदा मोजल्या. मागे रांग खोळंबली होती. आम्ही खोळंबू दिली.