सरकून बसा, बेथोव्हेन



१० एप्रिल १९५६ ची रात्र. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम शहर. तिथल्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये नॅट किंग कोल गात होते. मऊ, मखमली आवाजाचे, संथ प्रेमगीतं गाणारे कलावंत. गायक कृष्णवर्णीय आणि समोरचे श्रोते सगळे गोरे, कारण दोन्ही वर्णांच्या माणसांनी शेजारी बसून गाणं ऐकणं त्या शहरात चालत नव्हतं. गाणं रंगात असताना काही माणसं मंचावर धावून गेली आणि त्यांनी कोलना खाली पाडलं. हे हल्लेखोर वर्णभेदाचा कैवार घेणाऱ्या एका संघटनेशी जोडलेले होते. तिचा पुढारी एसा कार्टर त्या दिवसांत रॉक अँड रोलविरुद्ध मोहीम चालवत होता. कृष्णवर्णीयांच्या तबकड्या ज्यूकबॉक्समधून, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्रांतून, काढून टाका, असं त्याचं म्हणणं होतं. कोल तर रॉक गातही नव्हते.

त्यानंतर सहाच दिवसांनी, १६ एप्रिलला, शिकागोत चेस रेकॉर्ड्स या कंपनीसाठी चक बेरी नावाच्या गायकाने 'रोल ओव्हर बेथोव्हेन' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण हवा तीच होती. ही हवा लक्षात न घेता ते गाणं ऐकलं, तर ते निव्वळ पोरखेळ वाटतं.

बंडखोर गाणी म्हटलं की आपल्याला युद्धाचा निषेध आठवतो, मोर्चे आठवतात, मुठी आठवतात. मला आज बोलायचं आहे ते वेगळ्या बंडाबद्दल. या गाण्यांत सरकारचं नाव नसतं, मागण्या नसतात, घोषणा नसतात. ही गाणी फक्त गाण्याविषयी बोलतात. हे संगीत मला आवडतं, ते मी ऐकणार, त्यावर नाचणार, एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या मते एवढं म्हणायलासुद्धा त्या काळात फार मोठं धैर्य लागत होतं.

'रोल ओव्हर बेथोव्हेन'ची सुरुवातच पाहा. गाण्यातला मुलगा काय करतो? आपल्या गावच्या रेडिओ निवेदकाला पत्र लिहायला बसतो. त्याला एक तबकडी ऐकायची आहे, ती लावा अशी त्याची फर्माईश आहे. पोस्टकार्डांवर फर्माइशी पाठवत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. पुढे गाण्याचा जोर वाढतो, आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या थोर बेथोव्हेनने जरा बाजूला व्हावं आणि ही नवी बातमी तशाच थोर चायकोव्हस्कीलाही कळवावी, असं तो सुचवतो. आपल्या घरी बैठक भरलेली असताना धाकटा येतो, थोरल्यांना सरकायला सांगतो आणि सतरंजीच्या कडेला स्वतःसाठी जागा करतो, तसं हे आहे. थोरल्यांना कुणी घराबाहेर काढत नाही.

बेरीला बेथोव्हेन परका नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. १९२६ मध्ये सेंट लुईस इथे जन्मलेला हा माणूस मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय कुटुंबातला. वडील बॅप्टिस्ट चर्चमध्ये सेवेकरी, आई शाळेत मुख्याध्यापिका. बहीण ल्यूसी पाश्चात्त्य अभिजात संगीताचा रियाज करायची आणि घरातला पियानो तिच्याकडून सुटायचा नाही. या गाण्याचं बीज तिथेच आहे, असं बेरी सांगत असे. म्हणजे हे बंड अज्ञानातून आलेलं नाही. अभिजात संगीताचा मान ज्या घरात होता, त्याच घरातल्या मुलाने माझ्या संगीतालाही मान द्या म्हटलं. त्या घराबाहेरच्या अमेरिकेत हे म्हणणं अधिकच जड होतं, कारण ज्या संगीतासाठी तो मान मागत होता, ते त्याच्या समाजाने घडवलेलं होतं.

पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, 'स्कूल डेज' आलं. बेरीचं हे माझं सर्वांत आवडतं गाणं. त्यात शाळेचा अख्खा दिवस येतो. सकाळची घाई, घोकंपट्टी, मागच्या बाकावरचा छळवादी मुलगा, मधल्या सुट्टीची झुंबड. मग दुपारी तीन वाजता ओझं खांद्यावरून उतरतं आणि मुलं कोपऱ्यावरच्या अड्ड्यावर जाऊन ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकतात. शिक्षकाला कुणी उलटून बोलत नाही, शाळा कुणी सोडत नाही. सकाळ शाळेची, संध्याकाळ घराची, आणि या दोहोंच्या मधले दोन तास आमचे, इतकाच हिशेब. ते तास आपले आहेत हे मुलांना कळतं कशावरून? तिथे वाजणारं गाणं त्यांनी स्वतः निवडलेलं असतं, स्वतःच्या नाण्याने. एसा कार्टरला ज्यूकबॉक्सची एवढी धास्ती का वाटत होती, हे इथे कळतं. ज्यूकबॉक्समधली तबकडी कुणाच्या घरातल्या नाण्याने वाजते आहे, ते तिला कळत नाही.

हे गाणं लिहिताना बेरी तिशीचा होता. संसारी माणूस, गाड्यांच्या कारखान्यात काम केलेला, केशभूषेचं शिक्षण घेतलेला. पंधरा वर्षांच्या मुलांचं जग त्याने कारागिरासारखं निरखून, शब्द नि शब्द स्पष्ट ऐकू जाईल असा उच्चार करून गाण्यात आणलं.

यंत्रांनीही हात दिला. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी, स्वस्त तबकडी १९४९ पासून बाजारात होती. १९५४ च्या अखेरीला रीजन्सी टीआर-१ हा ट्रान्झिस्टर आला. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट, म्हणजे तेव्हा मुलांच्या आवाक्याबाहेरचीच. पण थोड्याच वर्षांत किमती उतरल्या आणि रेडिओ दिवाणखान्यातून निघून उशाखाली गेला. वडिलांच्या हातातलं बटण मुलीच्या हातात आलं. लू रीडने १९७० मध्ये व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडसाठी लिहिलेलं 'रॉक अँड रोल' हे गाणं याच मुलीचं आहे. घरात काहीच घडत नाही म्हणून कोमेजलेली एक छोटी मुलगी न्यूयॉर्कचं एक रेडिओ केंद्र लावते आणि त्या संगीताने तिचं आयुष्य सावरतं.

रेडिओवर जागा मिळवायची तर किंमतही मोजावी लागे. १९५८ च्या 'जॉनी बी. गुड'मध्ये गिटार वाजवणारा एक खेडवळ, अर्धशिक्षित मुलगा आहे. मूळ शब्दांत तो कृष्णवर्णीय होता. तसं ठेवलं तर गाणं रेडिओवर लागणार नाही, म्हणून बेरीने तो शब्द बदलून नुसता खेड्यातला मुलगा केला. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे. ज्या गाण्यात कोट्यवधींनी आपल्या तारुण्याचा आवाज ऐकला, त्यात त्या आवाजाच्या मालकाला आपला वर्ण झाकावा लागला. मला हे वाचून अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

आणि बेरीचं चरित्र सांगताना आणखी एक गोष्ट लपवता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला अनैतिक हेतूने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणल्याच्या गुन्ह्यात त्याने १९६२-६३ मध्ये तुरुंगवास भोगला. पहिला खटला न्यायाधीशाच्या वर्णद्वेषी शेऱ्यांमुळे रद्द झाला, पण दुसऱ्यातही तो दोषीच ठरला. अल्पवयीन मुलांचं जग इतक्या मायेने लिहिणाऱ्या माणसाने त्यातल्याच एका मुलीशी असं वागावं, याला त्याची गाणी उत्तर देऊ शकत नाहीत. गाणी मोठी आहेत म्हणून त्या मुलीचं दुःख लहान होत नाही.

बेरीची ही गाणी येत होती, त्या वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खातं डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्याकडे आलं. केसकर मराठी, पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे खरे प्रेमी. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्या काळात सुरू झाला आणि त्याने थोर गवयांना घराघरांत नेलं, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असलं पाहिजे. पण त्याच काळात हिंदी चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ दिसेनाशी झाली. लोकांनी वाद घातला नाही, बटण फिरवलं. रेडिओ सिलोन हे केंद्र लागलं आणि निवेदक अमीन सायानी यांच्या 'बिनाका गीतमाला' या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमासाठी दर बुधवारी रात्री आठ वाजता घरंच्या घरं थांबू लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. त्याच वर्षी 'आशा' चित्रपटात सी. रामचंद्र यांचं 'ईना मीना डीका' आलं. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या या संगीतकाराने रॉक अँड रोलची लय उचलली ती मुंबईतल्या गोमंतकीय वादकांच्या बळावर. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेली, हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये तयार झालेली ही माणसं. त्या गाण्याच्या मुखड्यात अर्थ शोधू नये. तिथे शब्दांनी अर्थाची नोकरी सोडली आहे आणि ते लयीबरोबर भटकायला निघाले आहेत. चौकटीत राहणाऱ्या तरुणाईला आपल्याकडे मिळालेली ती केवढी मोकळीक होती.

शेवटी १९७७ ची एक हकिकत. व्हॉयेजर या दोन अवकाशयानांबरोबर पृथ्वीचं संगीत पाठवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांचे सहकारी सोनेरी तबकडी तयार करत होते. 'जॉनी बी. गुड' घ्यावं असं ठरू लागलं, तेव्हा लोकसंगीताचे थोर संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी हरकत घेतली. हे संगीत पोरवयाचं आहे, असं त्यांचं मत. सेगन यांचं उत्तर असं की या ग्रहावर पोरवयाची माणसंही पुष्कळ आहेत. गाणं राहिलं. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या गायिका सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. दोनपैकी नंतरचं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. बेथोव्हेनच्याही दोन रचना तिथे आहेत, पाचव्या सिंफनीचा पहिला भाग आणि तबकडीच्या अगदी अखेरीला एका स्ट्रिंग क्वार्टेटमधला संथ भाग. ती तबकडी ज्या क्रमाने वाजते, त्या क्रमात चक बेरीची पाळी या दोन्हींच्या आधी येते.