आधी जागा द्या, मग पाण्याचा सल्ला



तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करत आलेल्या बाईला तुम्ही आपल्या डॉक्टरांच्या संघटनेचं अध्यक्षपद दिलंत. वर्षभराचा आढावा घेण्याची प्रथा आहे. तो छापील अहवालात आहे, आपण वाचालच. माझा वेळ मी एकाच विषयाला देणार आहे: बायकांच्या लघवीच्या संसर्गाला.

आज सकाळच्या परिसंवादात या विषयावर दोन वाद झाले. पहिला घरगुती उपायांचा. धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली, शहाळं हे सगळं थोतांड, असं एक पक्ष म्हणाला. आजीच्या बटव्यात सगळं आहे, असं दुसरा. माझ्याकडे कापडाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आली होती. आईनं निष्ठेनं धण्याचं पाणी करून दिलं होतं, पण ही ते रात्री घरी आल्यावरच प्यायची. दुकानात शौचालय नव्हतं, म्हणून दिवसभर घोटही नाही. आली तेव्हा थंडी वाजून ताप होता, कुशीत कळा होत्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. तिथे धणे चालत नाहीत, अँटिबायोटिकच लागतं. ताप, उलट्या, पाठीत दुखणं, गर्भारपण, मधुमेह यांपैकी काहीही असेल तर घरी थांबू नका, हे आपण प्रत्येकीला सांगितलंच पाहिजे. पण त्या आईला मी दोष देणार नाही. या उपायांत सर्वांत खात्रीचं जे आहे ते पाणी. बल्गेरियात झालेली एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. वारंवार संसर्ग होणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया तिच्यात होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. दीड लिटर पाण्यानं एवढं साधतं. पण प्यायलेलं पाणी बाहेरही टाकावं लागतं.

दुसरा वाद घरी लघवी तपासण्याच्या पट्टीचा. पेशंटच्या हाती पट्टी देऊ नये, असं काही ज्येष्ठांचं मत पडलं. मी असहमत आहे. पट्टीच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. अंगावरून पांढरं जात असेल तर ती पू-पेशी दाखवून फसवते. नायट्राइटचा गुलाबी रंग यायला लघवी मूत्राशयात साधारण चार तास राहावी लागते आणि काही जंतू नायट्राइट तयारच करत नाहीत. म्हणून पट्टी कोरी राहिली तरी त्रास असेल तर कल्चर करायचं. हे चार वाक्यांत समजावता येतं, आणि बायकांना ते समजतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं पट्ट्यांचे निकाल तारखेनिशी वहीत लिहून आणले होते. वारंवारच्या आजारानं ती हैराण झाली होती. घरचे म्हणत, उष्णता आहे, उन्हाळी लागते. वही वेगळंच सांगत होती. शाळा चालू असताना, अगदी पावसाळ्यातही, जळजळ आणि गुलाबी पट्टी. मे महिन्यात, ऊन रणरणत असताना, सुट्टीत घरी असली की काही नाही. शाळेतल्या मुतारीचं दार मोडलेलं होतं. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत ती जातच नव्हती. पट्टीला चार तास लागतात; आपल्या मास्तरणी, कंडक्टर, ऊसतोड करणाऱ्या बायका आठ-आठ तास कळ दाबून काढतात. इतक्या वर्षांत मी लिहिलेल्या कुठल्याही तपासणीपेक्षा त्या वहीनं मला जास्त शिकवलं. ती पट्टी तिच्या हातून काढून घ्या म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

आणि आपण काय करतो? "पाणी भरपूर प्या" लिहितो, पाच दिवसांच्या गोळ्या देतो, ती परत आली की गोळी बदलतो. ई. कोलाय हा जंतू एकेका औषधाला दाद देईनासा झाला, म्हणून परिषदा भरवतो. पण ती लघवीला जाते कुठे, हे केस पेपरवर लिहायला रकाना नाही. २०११ पासून मुंबईत बायका 'राइट टू पी' म्हणत महापालिकेशी झगडल्या. पुण्याचं 'मिळून साऱ्याजणी' मासिक उच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ साली न्यायालयानं महापालिकांना महिलांच्या स्वच्छतागृहांबाबत आदेश दिले. कार्यकर्त्या लढल्या, संपादक लढल्या. ज्यांच्या दवाखान्यात हा आजार रोज येतो, त्यांची संघटना त्या न्यायालयात का नव्हती? हा प्रश्न मी कार्यकारिणीत वेळोवेळी मांडला. दर वेळी उत्तर मिळालं की हा वैद्यकीय विषय नाही. आज माइक माझ्या हातात आहे, म्हणून सांगते: हा वैद्यकीयच विषय आहे.

या वर्षी तालुकावार पाहणी करू: एसटी स्थानकं, शाळा, बाजारपेठा. नमुना कार्यकारिणी ठरवील, समितीही नेमू. पण समितीची वाट न पाहता एक गोष्ट सोमवारपासून करा. जळजळ घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला विचारा की कामावर असताना ती लघवीला कुठे जाते आणि किती तासांनी. उत्तर केस पेपरवर लिहा. "सोय नाही" असं उत्तर आलं, तर तिच्या मुख्याध्यापकाला, मालकाला, आगारप्रमुखाला तिचं नाव न घालता आपल्या लेटरहेडवर पत्र धाडा. गोळीच्या चिठ्ठीवर सही करायला आपण कचरत नाही. या पत्रावरही कचरू नका.