चोख वही हेच भांडवल



आपल्या समाजातील अनेक युवक-युवती वाणिज्य शाखेची पदवी घेऊन नोकरी शोधत आहेत. दुकानदारांचे हिशेब लिहून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय त्यांना अल्प भांडवलात करता येईल. मात्र पहिला ग्राहक कसा मिळवावा, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मी हिशेब लिहून घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या बाजूने देऊ इच्छितो.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हिशेब तारखांना बांधले गेले. मासिक विवरण भरणाऱ्याने विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत द्यावयाचा. १४ तारखेस खरेदीदाराचे '२बी' पत्रक तयार होते. २० तारखेपर्यंत कर चुकता करावयाचा. पुरवठादाराने आपले बिल दाखविले नाही, तर खरेदीवर दिलेल्या कराची वजावट अडकते. गल्ल्यावर बसलेल्या दुकानदारास हे पडताळण्यास सवड नसते.

म्हणून परिचयातील एखाद्या किराणा, औषध वा कापड दुकानदारास भेटावे. नुसते "हिशेब लिहितो" असे न म्हणता, "२बीशी न जुळणाऱ्या बिलांची यादी दरमहा देतो" असे सांगावे. सनदी लेखापालांनाही भेटावे. लेखापरीक्षण हा त्यांचा अधिकार. परंतु त्यांच्याकडे येणारे अपुरे रोजमेळ व खतावण्या कोणीतरी पूर्ण कराव्याच लागतात. कामाची व्याप्ती, मोबदला आणि कागद देण्याची तारीख लेखी ठरवावी. नात्यातही फुकट काम करू नये. फुकटच्या कामाला तारीख नसते.

आता मुख्य गोष्ट. एकाच पेठेतील दोन स्पर्धकांच्या वह्या तुमच्याकडे येतील. एकाचा खरेदीभाव दुसऱ्याच्या कानी गेला, की तुमची पत संपली. कोणी मालाविना नुसते बिल खर्ची टाकावयास सांगेल. तो पहिलाच ग्राहक असेल, घरी पैशाची निकड असेल, तरीही नम्रपणे नकार द्यावा. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, आणि दुसऱ्याचे गुपित फोडणे हे दोन्ही सांगितले आहेत. राज्याच्या नियमांचे उल्लंघन हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आहे. हिशेबनिसासाठी याहून नेमकी आचारसंहिता मला ठाऊक नाही. नकाराने एक ग्राहक जाईल. परंतु ज्यास आपली वही निर्धास्तपणे सोपवावयाची आहे, तो व्यापारी अशाच माणसाच्या शोधात असतो.

वडीलधाऱ्या व्यापारी बंधूंना माझी विनंती आहे, की आपल्या दुकानाचे एक वर्षाचे काम एखाद्या होतकरू मुलास वा मुलीस द्यावे, मोबदला वेळेवर द्यावा आणि काम आवडल्यास शेजारच्या दुकानदारास सांगावे. बाजारात याहून मोठी शिफारस नाही.

पन्नास वर्षे दात्यांनी या संस्थेवर विश्वास ठेवला, तो तिच्या पावतीपुस्तकावर आणि चोख ताळेबंदावरही होता. तोच विश्वास आपल्या तरुणांच्या व्यवसायास लाभो, ही सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!