तुकड्या-तुकड्यांनी येणारे चित्र
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. पण मोबाईलवर चित्र येते कसे, हे वाचून आणि पोरांना विचारून जे समजले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

२०२० साली कोरोनामुळे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गर्दी करू नका, घरूनच अभिवादन करा, असे आवाहन झाले. थेट प्रक्षेपणाची सोय केली गेली. कोणी टीव्हीवर पाहिले, कोणी मोबाईलवर. चित्र एकच, पण येण्याच्या वाटा अगदी वेगळ्या.

टीव्हीचे सोपे आहे. पूर्वी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून लहरी सुटल्या, की एक घर बघो नाहीतर लाख घरे बघोत, मनोऱ्याचे काम तेवढेच असायचे. मोबाईलचे तसे नाही. इथे प्रत्येक फोन आपला माल स्वतः मागतो आणि प्रत्येकाला वेगळा माल पोचवावा लागतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला क्रिकेट विश्वचषकाची फायनल हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक बघत होते. एवढ्यांना माल पुरवायचा म्हणजे काय काम असेल, विचार करा!

आता हिशेब बघा. चांगल्या चित्रात सुमारे २० लाख ठिपके असतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे लागतात. हे सगळे जसेच्या तसे पाठवले, तर एक जीबीचा पॅक सहा-सात सेकंदांत खलास! म्हणून आधी ते दाबतात. जिनिंगमध्ये कापूस दाबून गासडी बांधतात ना, तसेच. बोलणाऱ्याच्या मागची भिंत हलत नाही, मग ती पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? जे बदलले तेवढेच पाठवायचे.

नंतर त्याचे काही सेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा भारी, मध्यम, हलका अशा अनेक प्रतींत तयार असतो. लाईन चांगली असली की फोन भारी तुकडा मागतो, लाईन खचली की हलका. म्हणून चित्र मध्येच पुसट होते, पण चालू राहते. साच्याजवळ चार बॉबिनी जादा ठेवतात, तसे फोन पुढचे तुकडे साठवून ठेवतो. साठा संपला की ते गोल चक्र फिरत बसते.

आणि हा माल दरवेळी मूळ जागेहून येत नाही. साखर घ्यायला आपण कारखान्यावर जातो का? गल्लीतल्या दुकानात घेतो. तशी या कंपन्यांनी शहरोशहरी गोदामे ठेवलीत. तिथून तुकडा लवकर येतो.

कोणी म्हणेल, काका, हे समजून आम्हाला काय करायचंय? ऐका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला, की महत्त्वाच्या खटल्यांची सुनावणी लोकांना थेट दिसली पाहिजे. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाचे कामकाज थेट दिसू लागले. त्या दिवशी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा आणि आर्थिक निकषावरच्या दहा टक्के आरक्षणाचा खटला होता. बाबासाहेबांनी लिहिलेल्या संविधानाचा अर्थ कसा लावला जातो, हे बघायला पूर्वी दिल्लीचे तिकीट आणि आत जायचा पास लागायचा. आता रात्रपाळी करून आलेला कामगारही ते बघू शकतो. ही लहान गोष्ट नाही!

पण डोळे उघडे ठेवा. ज्याची लाईन भारी त्याला चित्र स्वच्छ, ज्याची हलकी त्याला पुसट. आपल्याच खराडीत इऑन आयटी पार्कच्या काचेच्या इमारतीत लाईनला तोटा नाही आणि तिथेच झाडलोट करणाऱ्या बाईच्या खोलीत तिच्या मुलाचा ऑनलाईन तास चक्रावर अडकतो. शिक्षण या वाटेने येणार असेल, तर ही वाट पाण्याच्या नळासारखी सगळ्यांची असली पाहिजे. दुसरे म्हणजे, आपण बघतो तेव्हा कंपनीही बघत असते, आपण काय पाहिले, कुठे थांबलो. त्यावरून ती पुढचे ताट वाढते. वाढले म्हणून सगळे खायचे नसते.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. एक, भाषण ऐकताना सेटिंगमध्ये जाऊन चित्र हलके करा. आवाज तोच राहतो, पॅक वाचतो. दोन, वर्गणी काढून विहाराच्या अभ्यासिकेत पोरांसाठी सामाईक वायफाय घ्या. तीन, आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करा आणि त्याची एक प्रत विहारात ठेवा. दुसऱ्याच्या गोदामातला माल मालक कधीही काढून टाकू शकतो.

मोबाईल हातात आला म्हणजे ज्ञान हातात आले असे नव्हे. तो चालतो कसा आणि चालवतो कोण, हे ज्याला कळले त्याच्या तो कामाचा.